हवा भरेना : वायुदाबाच्या ब्रेकचे दोषनिदान आणि मराठी क्रियापद

१. प्रास्ताविक

मालमोटारी दुरुस्तीस येतात अशा कोणत्याही कर्मशाळेत सकाळच्या प्रहरी जाऊन उभे राहिले, तर 'हवा भरेना' हे वाक्य आज ना उद्या कानी पडतेच. भूम येथे, धाराशिव जिल्ह्यातील बालाघाटच्या डोंगराळ टापूत, प्रस्तुत लेखकाने ते अनेकदा ऐकले आहे. चालक इंजिन सुरू करून समोरच्या काट्याकडे पाहत बसतो. काटा रेंगाळत वर सरकतो. कमी दाबाची सूचना देणारा बझर थांबत नाही. ज्या गाडीस एरवी तीन-चार मिनिटे पुरत, तीस आज दहा-बारा मिनिटे लागतात. अशा वेळी जाणता मिस्त्री प्रथम हत्याराला हात घालीत नाही. तो विचारू लागतो : कालपासून, की आधीपासूनच? अर्ध्यावर थांबते, की हळूहळू का होईना पण शेवटपर्यंत जाते? इंजिन बंद केल्यावर टिकते, की उतरते?

हे प्रश्न भाषेच्या अभ्यासकास अपरिचित वाटू नयेत. 'हवा भरेना' या वाक्यात घटना आहे, पण ती घडवणारा अथवा न घडवणारा त्यात कोणीच नाही. व्याकरणदृष्ट्या 'हवा' हाच कर्ता. परंतु हवा स्वतःहून भरत नसते, तिला कोणीतरी भरावे लागते, कोणीतरी धरून ठेवावे लागते आणि कोणी सोडता कामा नये. मिस्त्रीचे सर्व कौशल्य या वाक्यातील लपलेला कर्ता शोधून काढण्यात आहे. वायुदाबाच्या ब्रेकमध्ये दाब मंद गतीने वाढू लागला असता निदान कसे करावे याचे विवेचन करणे, आणि ते करताना मराठी क्रियापदांनी त्या निदानास कोणता आधार दिला आहे हे दाखवणे, हा या लेखाचा हेतू आहे.

२. यंत्ररचनेचा आवश्यक तेवढा परिचय

दाबलेल्या हवेने ब्रेक लावण्याची कल्पना प्रथम रेल्वेत आली. अमेरिकेतील जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी तिचे पेटंट १८६९ मध्ये घेतले. रस्त्यावरील जड वाहनांत आज जी रचना असते तिचा मार्ग पुढीलप्रमाणे सांगता येईल. इंजिनाच्या गतीवर चालणारा कॉम्प्रेसर बाहेरची हवा गाळणीतून ओढून घेतो व दाबतो. दाबलेली तप्त हवा एका नळीतून एअर ड्रायरकडे जाते. तेथे तिच्यातील पाणी व तेलाचा अंश काढून घेतला जातो. दाब ठरावीक मर्यादेस पोहोचला की अनलोडर हवा बाहेर सोडू लागतो व कॉम्प्रेसरवरील भार उतरतो. गाडी उभी असता मधूनच ऐकू येणारा 'फुस्स' असा आवाज तो हाच. तेथून हवा एकमार्गी झडपांतून, म्हणजे आत जाऊ देणाऱ्या पण मागे न येऊ देणाऱ्या झडपांतून, पुढील व मागील ब्रेकच्या स्वतंत्र टाक्यांत जाते. चालकाने पायाचा व्हॉल्व्ह दाबला म्हणजे टाकीतील हवा चाकांजवळच्या ब्रेक चेंबरमध्ये शिरते, पडदा ढकलते आणि ब्रेक लागतो.

येथे एक गोष्ट नीट ध्यानी घ्यावयास हवी. पायाचा ब्रेक लागण्यासाठी हवा लागते. परंतु उभ्या गाडीचा ब्रेक स्प्रिंगच्या जोरावर लागलेला असतो व तो सुटण्यासाठी हवा लागते. म्हणून एकाच गाडीविषयी 'हवा नाही, ब्रेक लागत नाही' आणि 'हवा नाही, ब्रेक सुटत नाही' ही दोन्ही विधाने खरी असू शकतात. ऐकणाऱ्यास ती परस्परविरुद्ध वाटतील. परंतु पहिल्यातील ब्रेक वेगळा आणि दुसऱ्यातील वेगळा. तक्रार ऐकताना नामाचा निर्देश निश्चित न करता क्रियापदाकडे धावणाऱ्याची फसगत येथेच सुरू होते.

३. वेळेचा हिशेब

दाब किती वेळात वाढावा हे कोणाच्या अंदाजावर सोपवलेले नाही. संयुक्त राष्ट्रसंघाच्या वाहनविषयक नियम क्रमांक १३ प्रमाणे जोडगाडी न ओढणाऱ्या वाहनात, इंजिन महत्तम शक्तीच्या वेगाने चालत असता, निर्मात्याने ठरवलेल्या दाबाच्या ६५ टक्क्यांपर्यंत जास्तीत जास्त ३ मिनिटांत आणि पूर्ण दाबापर्यंत ६ मिनिटांत पोहोचले पाहिजे. अमेरिकेत व्यावसायिक चालकांना शिकवली जाणारी कसोटी अशी की, दुहेरी वायुब्रेकच्या गाडीत काटा ८५ पासून १०० पौंड प्रति चौरस इंचापर्यंत ४५ सेकंदांत चढावा. टाक्या मोठ्या असल्यास अधिक वेळ चालतो. कर्मशाळेत मात्र त्या त्या गाडीच्या पुस्तिकेतील आकडाच प्रमाण मानावा.

विलंबामागील गणित साधे आहे. समजा, सर्व टाक्या मिळून ६० लिटरच्या आहेत आणि काटा ० पासून ८ बारपर्यंत न्यावयाचा आहे. त्यासाठी बाहेरची सुमारे ४८० लिटर हवा आत कोंबावी लागेल. कॉम्प्रेसर मिनिटास १६० लिटर हवा देत असेल, तर ३ मिनिटे पुरतील. आता कोठेतरी मिनिटास सरासरी ४० लिटर गळती आहे असे धरा. वेळ ४ मिनिटे होईल. गळती नाही पण कॉम्प्रेसर झिजून निम्मीच हवा देतो असे धरा. वेळ ६ मिनिटे होईल. आणि दोन्ही दोष एकत्र असतील तर? ८० तून ४० गेले, उरले ४०. वेळ १२ मिनिटे. गळतीने १ मिनिट वाढले व झिजेने ३ वाढली, म्हणून दोहोंनी मिळून ४ वाढावीत, अशी अपेक्षा करणारा येथे चुकतो. प्रत्यक्षात ९ वाढतात. काल जी गळती कोणाच्या लक्षातही येत नव्हती, ती कॉम्प्रेसर दुबळा होताच आज गाडी जागेवर खिळवून ठेवते. (हे आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. वस्तुतः दाब चढत जाईल तशी गळतीही वाढत जाते. म्हणूनच अशा गाडीचा काटा आरंभी बरा चढतो व वर जाऊन रेंगाळतो.)

४. तक्रारीची रूपे आणि त्यांतील सूचना

दोषनिदानाची सुरुवात तक्रारीच्या शब्दांपासून होते, आणि या बाबतीत मराठी क्रियापदाची रूपसंपत्ती उपयोगी पडते. पुढील चार वाक्ये पाहावीत :

(अ) हवा भरत नाही.
(आ) हवा भरेना.
(इ) हवा भरेनाशी झाली.
(ई) हवा भरते, पण वर जात नाही.

पहिल्यावरून ही नेहमीची स्थिती आहे की या क्षणाची, हे कळत नाही. दुसऱ्यात प्रयत्न चालू आहे आणि तरीही फळ येत नाही, असा अर्थ निश्चितपणे आहे. म्हणजे इंजिन चालू असताना, काट्याकडे पाहत उच्चारलेले ते वाक्य आहे. तिसऱ्याने त्याहून महत्त्वाची माहिती मिळते : पूर्वी भरत होती, आता तो गुण गेला. असे बोलणाऱ्यास 'हे हळूहळू झाले की एकाएकी?' असा पुढचा प्रश्न विचारता येतो. महिनोन्महिने वेळ वाढत गेली असेल, तर झीज, काजळी, तुंबलेली गाळणी यांचा संशय घ्यावा. एका रात्रीत फरक पडला असेल, तर निखळलेली वा फुटलेली नळी, पट्ट्यावर चालणारा कॉम्प्रेसर असल्यास सैल पट्टा, अथवा उघडा अडकलेला व्हॉल्व्ह यांकडे पाहावे.

चौथे वाक्य सर्वांत बोलके. काटा मध्येच एका जागी स्थिरावतो, याची कारणे दोन संभवतात. तेथे पोहोचताच अनलोडरचा 'फुस्स' आवाज येत असेल, तर अनलोडर ठरलेल्या दाबाच्या आधीच हवा सोडीत आहे. त्याची जुळणी बिघडली आहे. आवाज येत नसेल, तर जितकी हवा येते तितकीच कोठेतरी जाते आहे. पहिल्यात कोणी थांबवतो. दुसऱ्यात दोन बळे समतोल होतात. काटा दोन्हींत सारखाच दिसतो. भेद कानाने कळतो.

याच संदर्भात मराठीतील साधित क्रियापदांच्या जोड्या लक्षात घ्याव्यात : सुटणे–सोडणे, गळणे–गाळणे, तुटणे–तोडणे, बनणे–बनवणे. जोडीतील पहिल्या क्रियापदात घटना आपोआप घडल्यासारखी दिसते. दुसऱ्यात तिचा करविता पुढे येतो. भूम तालुका खव्यासाठी प्रसिद्ध आहे. तेथील भट्टीवर 'दूध आटते' हेही खरे आणि 'खवेवाला दूध आटवतो' हेही खरे, पण जाळ कमी पडला याचा जाब दुसऱ्या वाक्यातच विचारता येतो. संस्कृत वैयाकरणांनी ज्यास कर्मकर्तरि प्रयोग म्हटले, म्हणजे जेथे कर्मच कर्त्याच्या जागी बसते, त्याच जातीची ही रचना होय. चालकाची तक्रार बहुधा पहिल्या क्रियापदात येते : 'हवा सुटते.' मिस्त्रीचा निष्कर्ष दुसऱ्यात यावा लागतो : 'मागच्या उजव्या चाकाचा पडदा हवा सोडतो.' या दोन वाक्यांमधील अंतर म्हणजेच दोषनिदान.

५. कर्त्याचा शोध : कसोट्यांचा क्रम

कर्मशाळेतील बोलण्यात तीन क्रियापदे हवेच्या तीन वाटेकऱ्यांना वाटून दिलेली आढळतात. कॉम्प्रेसर हवा 'देतो', टाकी हवा 'धरते', व्हॉल्व्ह हवा 'सोडतो'. तपासाचे तीन प्रश्नही हेच : देणारा देत नाही, धरणारी धरत नाही, की सोडणारा नको तेव्हा सोडतो?

आरंभी चाकांना ओंडके लावून गाडी पक्की करावी. यास अपवाद नाही. टाक्यांतील पाणी काढून टाकावे, आणि त्याबरोबर तेल किती येते हे पाहून ठेवावे. मग रिकाम्या टाक्यांपासून वेळ मोजावी व लिहून ठेवावी, कारण दुरुस्तीनंतर तुलना करावयाची ती याच आकड्याशी.

पहिली कसोटी 'धरण्या'ची. दाब पूर्ण भरून, उभ्या गाडीचा ब्रेक सोडून, इंजिन बंद करावे आणि काटा पाहावा. एकट्या गाडीत मिनिटास २ पौंड प्रति चौरस इंचाहून अधिक घसरण होऊ नये, असे वर उल्लेखिलेल्या अमेरिकी शिक्षणक्रमात सांगितले आहे. नंतर पायाचा ब्रेक दाबून धरून पुन्हा पाहावे. दाबताच होणारी पहिली घसरण सोडून, पुढे मिनिटास ३ पौंडांहून अधिक घसरण नसावी. ही दुसरी पायरी पुष्कळदा गाळली जाते. वस्तुतः ब्रेक चेंबरचा फाटका पडदा ब्रेक दाबल्याखेरीज हवा सोडीतच नाही. पुढचा व मागचा असे दोन काटे असतील, तर कोणता उतरतो यावरून अर्धी गाडी संशयातून मुक्त होते. यानंतर साबणाचे पाणी घेऊन सांधे, नळ्या, चेंबर, पायाचा व्हॉल्व्ह, तसेच क्लचचा बूस्टर, हवेवर चालणारे दार, मागाहून बसवलेला हवेचा भोंगा, असे एकेक तपासत जावे. ब्रेकशी संबंध नसलेला भोंगा ब्रेकची हवा खात असल्याची उदाहरणे विरळ नाहीत.

दुसरी कसोटी 'देण्या'ची, आणि चूक होण्याचा संभव येथेच सर्वाधिक. समजा, इंजिन बंद केल्यावर काटा मुळीच उतरला नाही. पुष्कळ जण यावरून तात्काळ म्हणतात : गळती नाही, तस्मात् कॉम्प्रेसर गेला. हे अनुमान सदोष आहे. एकमार्गी झडप टाकीतील हवा मागे येऊ देत नाही. त्यामुळे झडपेच्या अलीकडे, म्हणजे कॉम्प्रेसर व टाकी यांच्या दरम्यान, कितीही गळती असली तरी काट्यावर ती दिसत नाही. काटा टाकीचा साक्षीदार आहे, वाटेचा नव्हे. म्हणून 'टिकते पण भरत नाही' अशा गाडीत संशयित एक नसून तीन असतात : कॉम्प्रेसर, त्यापासून निघणारी नळी, आणि ड्रायर वा अनलोडर.

त्यांना स्वस्तापासून महागापर्यंत या क्रमाने तपासावे. हवेची गाळणी तुंबली आहे काय? पट्टा असल्यास सैल आहे काय? इंजिन चालू असता, दाब कमी असतानाही, ड्रायरच्या तळातून सतत हवा येते काय? येत असल्यास तेथील झडप उघडी अडकली आहे. कॉम्प्रेसर प्रामाणिकपणे देत आहे आणि ते सर्व वाटेतच सांडत आहे. तसे नसल्यास इंजिन चालू ठेवूनच, फिरत्या भागांपासून व तप्त नळीपासून हात दूर ठेवून, नळीच्या सांध्यांवर साबणाचे पाणी घालावे. तेथेही काही न आढळल्यास इंजिन बंद करून, नळी थंड झाल्यावर व तीत दाब उरला नाही याची खात्री करून, ती सोडवावी आणि आत काजळी साचली आहे काय ते पाहावे. हे सर्व निर्दोष ठरल्यावरच कॉम्प्रेसरचा डबा उघडावा. मग त्याच्या पातळ पट्टीसारख्या झडपा, पिस्टनच्या कड्या यांचा विचार येतो. टाकीतून तेल अधिक आले असल्यास या शेवटच्या संशयास बळ मिळते.

एक इशारा येथेच नोंदवणे अवश्य आहे. स्प्रिंगच्या ब्रेकचा चेंबर कर्मशाळेत उघडू नये. आतील स्प्रिंग मोठ्या जोराने दाबून बसवलेली असते. ती सुटली तर माणूस प्राणास मुकू शकतो.

६. कारणांची साखळी

कर्ता सापडला म्हणजे शोध संपला असे मात्र नाही. एखाद्या गाडीत कॉम्प्रेसरपासूनची नळी काजळीने जवळजवळ बुजलेली आढळली, असे समजू. नळी बदलली, वेळ पूर्ववत झाली, गाडी गेली. काही महिन्यांनी ती त्याच तक्रारीने परत आली. असे का व्हावे? काजळी ही जळलेल्या तेलाची असते. तेल जळते ते अति उष्णतेने. उष्णता वाढते ती कॉम्प्रेसरला विसावा न मिळाल्याने. आणि विसावा मिळत नाही, कारण मागच्या एखाद्या चाकाजवळ लहानशी गळती आहे व ती भरून काढण्यास त्यास अखंड राबावे लागते. नळी अरुंद होताच उष्णता आणखी वाढते, आणि चक्र पूर्ण होते. अशा गाडीस नवा कॉम्प्रेसर बसवला तरी तोही त्याच वाटेने जाईल. ब्रेकची जुळणी सैल पडली असली तरी परिणाम याच दिशेचा होतो. दट्ट्यास लांब सरकावे लागते, दर वेळी अधिक हवा खर्च होते, आणि घाटाच्या उतारावर वारंवार ब्रेक दाबावा लागला म्हणजे जमेपेक्षा खर्च वाढतो.

म्हणून जुने मिस्त्री दोष दूर झाल्यावरही 'धरण्या'ची कसोटी पुन्हा घेतात. तिला पाच मिनिटे लागतात, आणि तेवढीही वाचवण्याची घाई पुष्कळांना असते.

७. शब्दांविषयी थोडेसे

या टापूतील कर्मशाळेची शब्दसंपत्ती पाहिली असता इतिहासाचे थर सहज दिसतात. १९५६ पर्यंत हा जिल्हा हैदराबाद संस्थानात व नंतरच्या हैदराबाद राज्यात होता. त्या संस्थानातील सरकारी मोटारवाहतूक निजामाच्या रेल्वेच्या रस्तावाहतूक खात्याने १९३२ मध्ये सुरू केली. पुढे मुंबई राज्य व १९६० मध्ये महाराष्ट्र आले. आज भूम येथे राज्य परिवहन महामंडळाचे आगार आहे. 'हवा' अरबीतून फारसीमार्गे आली, 'मिस्त्री' पोर्तुगीजातून आला, 'कॉम्प्रेसर' व 'व्हॉल्व्ह' इंग्रजीतून आले. परंतु भरणे, धरणे, सोडणे, गळणे, उतरणे, लागणे, सुटणे ही क्रियापदे मात्र मराठीच राहिली. नामे उसनी आणली तरी भागले. विचार ज्या क्रियापदांनी करावयाचा ती उसनी आणावी लागली नाहीत.

१९६० मध्ये भाषा संचालनालयाची स्थापना झाल्यापासून परिभाषा घडवण्याचे मोठे कार्य झाले आहे, आणि त्याचे मोल कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. तथापि परिभाषेचा विचार बहुतांशी नामांभोवती फिरत राहिला. कॉम्प्रेसरला 'संपीडक' म्हणावे की नाही, हा वाद दुय्यम आहे. ब्रेकला 'गतिरोधक' म्हणावे तर तो शब्द लोकांनी केव्हाच रस्त्यावरील उंचवट्यास देऊन टाकला आहे. याउलट 'भरेना', 'भरेनाशी झाली', 'धरत नाही', 'सोडतो' यांतील भेद चालकांस व शिकाऊ मिस्त्रींस जाणीवपूर्वक शिकवले, आणि दोषाची नोंद करताना 'ब्रेक खराब' एवढेच न लिहिता 'एका रात्रीत भरेनाशी झाली. बंद केल्यावर टिकते' असे लिहिण्याची सवय लावली, तर तपासाचा अर्धा मार्ग नोंदवहीतच आक्रमिला जाईल. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी बोलीच्या अभ्यासास निघताना शेत आणि स्वयंपाकघर यांबरोबर कर्मशाळाही आपल्या क्षेत्रात घ्यावी, असे यावरून सुचवावेसे वाटते.

८. समारोप

घाटात वाहन कोसळले म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात 'ब्रेक निकामी झाल्याने' हे शब्द छापून येतात. तेही कर्ता नसलेलेच वाक्य होय. काही वेळा ब्रेक खरोखर क्षणात निकामी होतो. परंतु वायुदाबाच्या ब्रेकमध्ये पुष्कळदा काटा आधी कित्येक दिवस रेंगाळत असतो, बझर वाजत असतो, आणि वेळेवर निघण्याच्या घाईत कोणीतरी पूर्ण दाब येण्याआधीच गाडी हलवीत असतो. ज्या वाक्यात कोणीच काही केलेले नसते, त्या वाक्यावरून कोणासच काही सुधारता येत नाही. 'हवा भरेना' हे वाक्य सकाळी ऐकू आले, तर त्याचा कर्ता गाडी हलण्यापूर्वीच शोधला पाहिजे. तो शोधण्यास साबणाचे पाणी, घड्याळ आणि तीन क्रियापदे बहुतेक वेळा पुरतात.